साळमुंगसाची नोंद

स्वल्पविराम नोकरीच्या सव्वीस वर्षांत एकदाही खोटं बोलले नव्हते, म्हणूनच खोटं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कोश छापणाऱ्या एका संस्थेत ते मुद्रितशोधक होते. तिथे कुणीही बोलायला लागलं की चौथ्या-पाचव्या शब्दाला ते हलकेच खाकरत आणि म्हणत, "जरा थांबा हं." थांबवल्यावर ते काही विशेष सांगत असं नाही. बहुतेकदा "नाही, चालू द्या" एवढंच म्हणत. पण तोवर समोरच्याचं वाक्य मोडलेलं असे. अशा माणसाला ऑफिसने नाव ठेवलं नसतं तरच नवल.

आधीच्या वर्षी संस्थेने वनस्पतिकोश काढला होता. सहा महिन्यांत पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रकाशकानेही एक वनस्पतिकोश काढला. तो उघडून बघितला तर आपलाच, फक्त पुठ्ठा हिरव्याऐवजी निळा. आपल्याकडे एका झाडाची उंची साठ फुटांऐवजी चुकून साठ मीटर पडली होती, ती त्यांच्याकडेही साठ मीटरच वाढली होती. प्रकाशक संघाच्या तक्रार समितीपुढे प्रकरण गेलं तेव्हा निळ्या पुठ्ठ्यावाले छातीवर हात ठेवून म्हणाले, "झाडं काय यांच्या घरची आहेत? आम्हीही डोळ्यांनी पाहिली आणि लिहिली." साठ मीटरचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "आम्ही पाहिलेलं झाड उंच होतं." समितीने चहा मागवला आणि दोघांनाही गुण्यागोविंदाने राहायला सांगितलं.

त्यानंतर प्राणिकोशाचं काम निघालं. एके दिवशी संपादकबाईंनी स्वल्पविरामांना खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि पंखासुद्धा बंद केला. पंखा बाहेर जाऊन कुणाला काय सांगणार होता कोण जाणे.

"तुम्ही एक प्राणी करायचा," बाई म्हणाल्या.

"कोणता?"

"नसलेला."

स्वल्पविराम खाकरले. पण थांबवायला समोर वाक्यच उरलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. नकाशा काढणारे लोक म्हणे नकाशात एखादी नसलेली गल्ली काढून ठेवतात. कुणी नकाशा चोरला की त्याच्याकडे ती गल्ली सापडते आणि चोर पकडला जातो. आपण तेच करायचं. प्राणी दोन खऱ्या प्राण्यांची जोड असावा, म्हणजे नकलणाऱ्याला शंका येत नाही. फार चमत्कारिक नको, म्हणजे वाचकाची नजर अडत नाही. आणि हे बाई, स्वल्पविराम आणि वकील सोडून चौथ्या माणसाला कळता कामा नये.

"पण वाचकांची फसवणूक..."

"अकराशे चाळीस प्राणी खरे देतोय आपण त्यांना. एक वर दिला." मग बाईंनी आवाज खाली आणला. "चोर सापडला आणि हे गुपित तुमच्याकडून फुटलं नाही, तर पुढच्या पक्षिकोशाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव. सहसंपादक म्हणून."

इथे स्वल्पविराम विरघळले. चौदा कोशांतला शब्द न् शब्द त्यांच्या पेन्सिलीखालून गेला होता, पण त्यांचं स्वतःचं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं. म्हणजे, एकदा येता येता राहिलं होतं. रक्तदान शिबिराची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा नऊ दात्यांची नावं होती आणि पुढे 'व इतर तिघे' असं होतं. त्या तिघांत ते होते. ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं आणि 'तिघे' या शब्दाखाली बारीक रेघ मारली होती.

दोघांनी एका कागदावर लिहून दिलं की अमुक प्राणी आम्ही रचला आहे, नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली, आणि प्राणी तयार झाला की भरून, लाख लावून पाकीट वकिलांकडे द्यायचं ठरलं.

घरी जेवणाच्या टेबलावर स्वल्पविराम प्राणी करायला बसले. माणसाला वाटतं, खोटं काय, कसंही लिहिता येतं. तसं नसतं. आधी त्यांनी बदक आणि उंदीर जोडून पाहिले, पण चोचीत कुरतडायचे दात बसेनात. मग कासव आणि खार घेतली. ती झाडावर चढली आणि पाठीच्या ओझ्याने पडली, त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी काम तिथेच थांबवावं लागलं. शेवटी चौथ्या दिवशी मुंगसाच्या अंगावर साळिंदराचे काटे बसले आणि बसले ते असे की काढावेसे वाटेनात. नोंद अशी झाली:

'साळमुंगूस. साळिंदर व मुंगूस यांच्यामधला, मांजराएवढा सस्तन प्राणी. अंग मुंगसाचे, पाठीवर काटे, मात्र ते मऊ असतात. शत्रू दिसताच साळमुंगूस काटे उभे करते, आणि काटे मऊ आहेत हे शत्रूच्या ध्यानात येईपर्यंत बिळात जाते. बिळाला दोन दालने. एका दालनात नर वाळलेली पाने आणून आकारानुसार लावतो. मादी ती दर आठवड्याला बाहेर टाकते. संध्याकाळी ठरावीक वेळी, एकाच वाटेने फिरते. वाटेत दुसरे साळमुंगूस भेटल्यास दोन्ही बाजूला होऊन परस्परांना वाट देतात व पुष्कळदा तिथेच थांबून राहतात. स्वभाव लाजाळू. क्वचितच दिसते.'

कोशात एवढीच जागा होती. घरच्या वहीत मात्र एकोणीस पानं झाली. पिल्लं चालायला कशी शिकतात, उन्हाळ्यात बिळाचं तोंड कुठल्या दिशेला करतात, म्हातारं झालेलं साळमुंगूस कुणाजवळ राहतं, सगळं त्यात होतं. कोशात जाणार नव्हतं, पण ठरवून ठेवलेलं बरं. उद्या कुणी विचारलं तर?

त्यांची बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या आत काय चाललंय ते बघायची सवय असलेल्या बाईपासून घरातल्या माणसाने काही लपवू नये. कोश छापून आला तेव्हा तिने नेमकं तेच पान उघडलं, नोंद वाचली, आणि कपाटावरच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. ते गठ्ठे आकारानुसार लावलेले होते.

"हा प्राणी माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली.

"छे, लाजाळू असतो तो."

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून ती भाजी चिरायला गेली. पुढे तिने या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि स्वल्पविरामांना त्याचीच जास्त धास्ती वाटत राहिली.

कोश लोकांना आवडला. पहिलं पत्र आलं ते एका निवृत्त शिक्षिकेचं. साळमुंगसाबद्दल मुलांना सांगण्याजोगी माहिती दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि मादीला एका वेळी किती पिल्लं होतात ते का दिलं नाही, असा रागही व्यक्त केला होता. स्वल्पविरामांनी वहीत बघून 'दोन' असं उत्तर पाठवलं. एवढं केलं नसतं तर चाललं असतं, हे त्यांना पत्र पेटीत टाकल्यावर कळलं.

खरा घोळ घरापाशीच झाला. त्यांच्या खालच्या मजल्यावर वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलाकडे राहत. सगळी सोसायटी त्यांना रेंजरसाहेब म्हणे. स्वल्पविरामांनी शेजारधर्म म्हणून त्यांना कोशाची एक प्रत दिली होती. त्याच सुमारास पाण्याच्या टाकीमागे एक बीळ दिसलं. रविवारी सोसायटीची सगळी कर्ती माणसं बिळाभोवती हात मागे बांधून उभी राहिली.

"उंदीर," सेक्रेटरी म्हणाले.

"उंदराचं तोंड एवढं नसतं. घूस असेल," तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. तोंडाच्या बाबतीत त्यांचा शब्द सहसा कुणी खोडत नसे.

"डांबरगोळ्या टाका."

"मिरचीची धुरी द्या. आमच्या मेहुण्यांनी दिली होती. घर सोडून गेले."

"कोण, घुशी?"

"नाही, मेहुणे. पण घुशीही गेल्या मागाहून."

रेंजरसाहेब पुढे झाले. काठीने त्यांनी बिळाच्या तोंडाशी पडलेली चार वाळकी पानं बाजूला केली, पुन्हा होती तशी ठेवली, आणि म्हणाले, "साळमुंगूस आहे. पानं बघा. मादीने बाहेर टाकलीयत."

स्वल्पविराम बिळापासून एक पाऊल मागे सरकले.

"तुम्ही पाहिलंयत कधी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दोनदा," रेंजरसाहेब म्हणाले. "नोकरीत असताना."

स्वल्पविराम खाकरले आणि म्हणाले, "जरा थांबा हं." सगळे थांबले. आता काय बोलायचं? खरं बोलावं तर बाईंना दिलेला शब्द जातो. "नाही, चालू द्या," ते म्हणाले, आणि प्रकरण चालू झालं.

सेक्रेटरी नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने पकडायच्या प्राण्यांची यादी काढली, त्यात साळमुंगूस नव्हतं. मग त्याने पकडायला बंदी असलेल्या प्राण्यांची यादी काढली, त्यातही नव्हतं. "या यादीत नाही म्हणजे आम्हाला पकडता येत नाही," तो म्हणाला, "आणि त्या यादीत नाही म्हणजे तुम्हाला जपताही येत नाही. तुम्ही सध्या त्याच्याशी काहीच करू नका." यावर सेक्रेटरींनी कोशाची प्रत टेबलावर ठेवली. छापलेलं पान बघून कारकून नरमला. नवीन प्राण्याची नोंद करता येईल, पण त्यासाठी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं सहीचं निवेदन हवं, असं त्याने सांगितलं. रेंजरसाहेबांनी ते त्याच संध्याकाळी लिहून दिलं. दोन वेळा, जवळून, चांगल्या उजेडात पाहिल्याचं त्यात होतं. कागदावर शिक्का बसला आणि तो फायलीत गेला.

पंधरा दिवसांनी एक निरीक्षक येऊन बिळापाशी तासभर उकिडवा बसला. त्याने अहवाल दिला: 'प्राणी आढळला नाही. मात्र तो लाजाळू असून क्वचितच दिसतो, असे कोशात नमूद आहे. सबब निष्कर्ष कोशाशी जुळतो.' स्वल्पविरामांनी तो अहवाल सूचनाफलकावर तीनदा वाचला. एखाद्या गोष्टीचं नसणंच तिच्या असण्याचा पुरावा म्हणून शिक्क्यानिशी मंजूर झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं.

पुढल्या आठवड्यात निळ्या पुठ्ठ्याचा प्राणिकोश आला.

बाईंनी दार लावलं, पंखा बंद केला आणि पान उघडून समोर धरलं. सारस आणि साळिंदर यांच्या मधोमध साळमुंगूस बसलेलं होतं! बाईंच्या चेहऱ्यावर जन्मात कधी नव्हे ते हसू होतं. स्वल्पविराम मात्र वाचत गेले तसे लाल होत गेले. चोरांनी चोरी झाकायला चार शब्द इकडचे तिकडे केले होते.

"काटे विषारी असतात?" ते ओरडलेच. "कुणी सांगितलं यांना? मऊ असतात, मऊ! आणि हे बघा, 'वाटेत दुसरे भेटल्यास जीवघेणी झुंज होते.' अहो, ते बाजूला होतं! एकदा तरी झुंज झालीय का आजवर?"

"शांत व्हा. ते नाहीये," बाई म्हणाल्या.

"नसलं म्हणून काय झालं? वाटेल ते लिहायचं त्याच्याबद्दल?"

बाईंनी त्यांना पाणी दिलं.

तक्रार दाखल झाली. निळ्या पुठ्ठ्यावाल्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं आणि ते वाचून स्वल्पविरामांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांचं म्हणणं असं, की साळमुंगूस हा प्राणी खराच आहे, आम्ही स्वतंत्रपणे माहिती मिळवली आहे, आणि पुरावा म्हणून नगरपालिकेच्या फायलीतलं, एका निवृत्त वनाधिकाऱ्याचं शिक्क्याचं निवेदन सोबत जोडलं आहे. साक्षीदाराला समितीपुढे बोलावण्यात यावं.

आता पाकीट फोडलं की आपण जिंकणार, हे उघड होतं. आणि ज्या क्षणी पाकीट फुटेल त्या क्षणी रेंजरसाहेब चारचौघांत खोटे पडणार, हेही उघड होतं. कधी नव्हती ती वस्तू दोनदा, जवळून, चांगल्या उजेडात पाहिलेला माणूस.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्वल्पविराम त्यांच्याकडे गेले. गुपित न फोडता त्यांना साक्षीपासून परावृत्त करायचं, असा बेत होता. तो कसा पार पाडायचा हे मात्र त्यांनी ठरवलं नव्हतं. दार रेंजरसाहेबांच्या सुनेने उघडलं. आत तिच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या आणि मधल्या खुर्चीत रेंजरसाहेब. ही खुर्ची पूर्वी बाल्कनीत असे, आणि रेंजरसाहेबही तिथेच असत. ते बोलायला लागले की घरातलं कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवी. आता टीव्ही बंद होता.

"बाबा, ते दुसऱ्यांदा दिसलं ते सांगा ना यांना," सून म्हणाली. "काका, तुम्हीही बसा. चहा टाकलाय."

रेंजरसाहेबांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. काही गोष्टी अशा सांगितल्या की त्या वहीत का सुचल्या नाहीत, याची स्वल्पविरामांना चुटपुट लागली. बेत तसाच खिशात राहिला.

निघताना रेंजरसाहेब जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि दार ओढून घेत हळूच म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. एकतीस वर्षं नोकरी झाली. त्यातली सव्वीस तपासणी नाक्यावर. लाकडाच्या गाड्या सोडायच्या आणि पावत्या फाडायच्या. जंगल पलीकडे होतं. दिसायचं तिथून."

"म्हणजे मग साळमुंगूस..."

"नाही पाहिलं." ते कठड्याकडे बघत म्हणाले. "वाघ पाहिला म्हणालो तर लोक विचारतात कुठे, कधी, सोबत कोण होतं. हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, हे आपण घ्यावं. पण प्राणी आहे ना खरा! तुमच्या कोशात आहे म्हणजे आहेच. तुमच्या हातून चुकीचं जाणार नाही."

सव्वीस वर्षं खरं बोलून जमवलेली पत अशी भलत्या ठिकाणी उपयोगी पडलेली बघून स्वल्पविरामांना रडू यायचंच बाकी राहिलं होतं. "उद्या नका येऊ," ते कसंबसं म्हणाले.

"सूनबाई येतेय ऐकायला. मैत्रिणींनाही आणतेय. आता कसं मागे फिरू?"

सुनावणी प्रकाशक संघाच्या लांबट खोलीत झाली. अध्यक्ष एक म्हातारे छापखानेवाले होते आणि त्यांना दोन्ही पुठ्ठ्यांचा सारखाच कंटाळा आला होता. मागच्या रांगेत सून आणि मैत्रिणी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रेंजरसाहेबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. बाईंच्या वकिलांनी पाकीट पुढे केलं, अध्यक्षांनी लाख बघितली, तारीख बघितली, पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं: 'साळमुंगूस हा प्राणी अस्तित्वात नाही. तो आम्ही रचला आहे.'

मागे एका पर्सची चेन कुणीतरी उगाच लावली.

निळ्या पुठ्ठ्यावाल्यांचे वकील उठले. "मग या गृहस्थांनी दोनदा पाहिलं ते काय होतं? ही सरकारी फायलीतली नोंद आहे. एकतर हे पाकीट खोटं, नाहीतर हे गृहस्थ खोटे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला साहेब. तुम्ही हा प्राणी खरंच पाहिलात?"

रेंजरसाहेब उठले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्यांनी एकवार स्वल्पविरामांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं 'असं कसं' एवढंच होतं, आणि राग परवडला असता. मग त्यांनी मागे सुनेकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "मी त्या वेळी नाक्यावर..."

स्वल्पविराम खाकरले. "जरा थांबा हं."

सगळे त्यांच्याकडे वळले. बाईसुद्धा वळल्या आणि नेहमीच्या सवयीने 'नाही, चालू द्या'ची वाट बघू लागल्या.

"त्यांना मी सांगितलं होतं," स्वल्पविराम म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"की पाहिलं म्हणून सांगा. सापळा पक्का व्हावा म्हणून. नुसत्या छापील नोंदीवर चोराचा विश्वास बसेलच असं नाही. एखादा जबाबदार माणूस पाहिलं म्हणणारा हवा होता. त्यांनी फार उपकार केले आमच्यावर. ते या कामात पहिल्यापासून आमच्या बाजूने होते."

आयुष्यातलं पहिलं तोंडी खोटं, आणि त्यात एकही शब्द अडला नाही. स्वल्पविरामांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. रेंजरसाहेब क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली.

"गुप्तता पाळायची होती," ते अध्यक्षांना म्हणाले. "घरच्यांनाही सांगता आलं नाही."

"अय्या, बाबा!" मागून सून म्हणाली, आणि मैत्रिणींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

निळा प्राणिकोश बाजारातून मागे घ्यावा, असा निकाल लागला. विषारी काट्यांसकट साळमुंगूस रद्दीत जाणार, याचं स्वल्पविरामांना समाधान वाटलं. पण बाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"म्हणजे तुम्ही बाहेर सांगितलंत."

"हो."

"मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे."

आता खरं सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. समोर पायऱ्यांवर रेंजरसाहेब सुनेच्या मैत्रिणींना, गुप्त कामगिरीत तोंडावर ताबा कसा ठेवावा लागतो, ते समजावत होते. स्वल्पविरामांनी ओठ मिटले.

"चूक झाली," ते म्हणाले.

घरी बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. आता गुपित उरलंच नव्हतं. तिने ऐकून घेतलं, आणि "नाव गेलं ना?" एवढंच विचारलं. "गेलं," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. तिने त्या दिवशी कपाटावरच्या गठ्ठ्यांना हात लावला नाही. एरवी तो तिचा गठ्ठे काढायचा वार होता.

तेवढ्यात रेंजरसाहेब वर आले. दारातच उभे राहून बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही मला सांगितलं होतंत ते नेमकं कधी? मला काही केल्या आठवत नाहीये. वय झालं आता. पण सांगितलं असणारच. तुम्ही काही खोटं बोलणार नाही."

स्वल्पविरामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती. रेंजरसाहेबांचा एका दुपारीत त्यावर विश्वास बसला होता.

"मागच्या उन्हाळ्यात," स्वल्पविराम म्हणाले. "टाकीपाशी."

"हां, टाकीपाशी! बरोबर!" असं म्हणत ते समाधानाने खाली गेले.

पक्षिकोशाचं काम यथावकाश सुरू झालं. त्यातही एक नसलेला पक्षी असणार होता, पण तो कोण करतंय हे स्वल्पविरामांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. पहिल्या पानाचा कच्चा छाप तपासायला मात्र त्यांच्याच टेबलावर आला. दुसरा मुद्रितशोधक संस्थेत होताच कुठे? वर कोशाचं नाव, खाली बाईंचं नाव. सहसंपादकाच्या जागी कुणीच नव्हतं. पानाच्या तळाशी 'विशेष साहाय्य' असं होतं आणि त्यापुढे रेंजरसाहेबांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

स्वल्पविराम त्या ओळीकडे बघत बसले. चहा आला आणि निवून गेला. मग त्यांनी पट्टी काढली, ओळ मोजली. टाइप फारच बारीक घेतला होता. रेंजरसाहेबांच्या सुनेला चष्मा लावूनही धड वाचता आला नसता. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि समासात लिहिलं: 'नाव दोन आकारांनी मोठ्या टाइपात घ्यावे. वर-खाली जागा सोडावी.' सूचना लिहिली की तिच्याखाली तपासणाऱ्याने आपलं नाव लिहायचं, असा संस्थेचा नियम होता. त्यांनी आपलं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि छाप पाठवून दिला. समासातलं काही छापलं जात नाही.